फरशीचा संस्कार आणि कर्त्याची चित्तशुद्धी

ब्रह्मसूत्रांतील समन्वयाधिकरणावर, म्हणजे पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चौथ्या सूत्रावर, भाष्य करताना शंकराचार्यांनी कर्माचे फळ चारच प्रकारांचे असू शकते असे मांडले आहे: कर्माने वस्तू नव्याने उत्पन्न होते, किंवा दूर असलेली हाती येते, किंवा असलेल्या वस्तूत विकार घडतो, किंवा तिच्यावर संस्कार होतो. संस्काराचे त्यांनी पुन्हा दोन भाग केले आहेत. वस्तूत नसलेला गुण तिच्यावर चढवणे हे गुणाधान, आणि तिला लागलेला दोष काढून टाकणे हे दोषापनयन. मोक्ष या चारांपैकी कशातच बसत नाही, कारण आत्म्यावर काही चढवता येत नाही आणि त्याला मुळात काही लागलेलेही नसते, हे सिद्ध करण्यासाठी हा सारा विचार आला आहे. आरसा घासला की त्याची चकाकी जशी प्रकट होते तसा आत्माही क्रियेने उजळेल, हा पूर्वपक्ष म्हणजे प्रतिवाद्याचा आक्षेपही आचार्यांनी तेथेच खोडून काढला आहे.

हा विचार खानदेशाला परका नाही. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले ते मुख्यतः शांकर अद्वैताच्या अभ्यासासाठी. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ त्याचे संचालक होते, आणि जी. आर. मलकानी यांनी संपादित केलेल्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकामुळे एका गिरणीच्या गावाचे नाव देशोदेशींच्या तत्त्वज्ञांना ठाऊक झाले. अशा प्रदेशात गुणाधान आणि दोषापनयन ही पदे केवळ ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. जळगाव आणि धुळे येथील रुग्णालये, बँका, महाविद्यालये व दुकानांच्या मोठ्या इमारती यांच्या फरशीवरचा जुना थर काढून नवा थर चढवण्याचे जे काम माणसे करतात, त्यात हे दोन्ही संस्कार एकापाठोपाठ एक, उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. या पदांना वाहून घेतलेल्या तत्त्वचर्चेने त्या कामाकडे आणि ते करणाऱ्याकडे आजवर पुरेसे पाहिलेले नाही.

कामाचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. व्हिनाइलच्या फरशीवर, आणि काही ठिकाणी मोझॅकवर, जो चकचकीत थर दिसतो त्याला बोलण्यात ‘वॅक्स’ म्हणतात. परंतु आज त्यात मेण क्वचितच मुख्य असते, बहुधा ते पाण्यात मिसळलेले ॲक्रिलिक पॉलिमर असते आणि पाणी उडून गेले की त्याची पातळ, पारदर्शक कातडी मागे राहते. वर्दळीने ही कातडी ओरखडते, तिच्यात धूळ रुतते, ती पिवळी पडते; मग ती मुळापासून काढावी लागते. त्यासाठी ‘स्ट्रिपर’ नावाचे तीव्र अल्कधर्मी द्रावण फरशीवर पसरून काही मिनिटे मुरू देतात, म्हणजे थरातील बंध सुटतात आणि तो मऊ पडतो. मग एका मोठ्या चकतीच्या यंत्राखाली काळा खरखरीत पॅड लावून तो घासतात, तयार झालेला चिखल ओल्या कचऱ्याच्या व्हॅक्यूमने ओढून घेतात, आणि स्वच्छ पाण्याने फरशी पुन्हा पुन्हा धुतात, कारण अल्काचा अंश मागे राहिला तर नवा थर धरत नाही. फरशी पूर्ण वाळल्यावर नव्या द्रवाचे तीन ते पाच पातळ हात देतात आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत पुढचा देत नाहीत. घाईने जाड हात दिला, तर वरून कोरडा दिसणारा पृष्ठभाग आतून ओला राहतो आणि पुढे ढगाळतो. चैत्र-वैशाखात, जेव्हा जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा स्ट्रिपर मुरण्याआधीच वाळण्याची भीती असते. तो वाळला की विरघळलेला मळ पुन्हा फरशीला चिकटतो, म्हणून एका वेळी थोडीच जागा घ्यावी लागते. पावसाळ्यात उलट, हात वाळायलाच वेळ लागतो आणि काळ्या मातीचे पाय उंबऱ्याशी वाट पाहत असतात. द्रावण त्वचा आणि डोळे भाजू शकते, त्याने ओली झालेली फरशी अतिशय निसरडी असते. इमारत रिकामी झाल्याशिवाय हे काम करता येत नाही, म्हणून ते बहुधा रात्री होते.

कोटा दगड किंवा जुने मोझॅक असेल तर रीत वेगळी. तेथे यंत्राला खरखरीतपासून मऊपर्यंत क्रमाक्रमाने घासणीचे दगड लावून पृष्ठभागच घासतात, मग ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून घोटतात आणि शेवटी मेणाचा हात देतात. हा भेद तत्त्वदृष्ट्या महत्त्वाचा आहे. व्हिनाइलवरचा दोष वरून आलेला असतो आणि तो गेला तरी खालची वस्तू जशीच्या तशी असते. दगडाच्या बाबतीत ओरखडा वस्तूच्या अंगातच असतो आणि तो घालवताना वस्तूचाही थोडा भाग द्यावा लागतो. चित्ताला लागलेल्या मळाविषयी ज्या दोन भूमिका दिसतात, त्या याच दोन प्रकारांशी समांतर जातात: अद्वैत वेदान्ताच्या मते अज्ञान हा आत्म्यावरचा केवळ अध्यास म्हणजे आरोप आहे, तर साधकाच्या अनुभवात काम-क्रोध हे चित्ताच्या इतके आत गेलेले असतात की ते घासताना आपलाच काही अंश जातो असे वाटते. आणखी एक गोष्ट याहूनही लक्ष देण्यासारखी आहे. आज जो थर दोष म्हणून खरवडून काढला जातो, तोच पूर्वी गुण म्हणून चढवलेला असतो. फरशीला लागलेला मळ आणि फरशीला दिलेली झळाळी या एकाच थराच्या दोन अवस्था आहेत. पुण्यसुद्धा बंधनकारक आहे, कारण तेही भोगून संपवावे लागते, या वेदान्ताच्या सिद्धान्ताला इतका सुस्पष्ट दृष्टान्त शोधूनही सापडणे कठीण आहे.

धर्मशास्त्राने भूमीच्या शुद्धीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमी पाच उपायांनी शुद्ध होते असे सांगितले आहे: झाडणे, सारवणे, शिंपणे, वरचा थर खरवडून काढणे, आणि तेथे गाईंचा वास घडवणे. यांतील खरवडणे हे दोषापनयन आहे आणि सारवणे हे गुणाधान. म्हणजे आजच्या कंत्राटदाराच्या दरपत्रकात जी दोन कामे शेजारी लिहिलेली असतात, ती दोन्ही या जुन्या सूचीत आहेत. खानदेशातील मातीच्या घरांत मात्र खरवडण्याची वेळ क्वचित येई. खळगा मातीने बुजवायचा, भिंत पांढऱ्या मातीने पोतारायची, जमिनीवर शेणाचा हात फिरवायचा, दारात सडा घालायचा; जुना थर काढला जात नसे, त्याच्यावर नवा येई, आणि हे बहुतेक सारे बायकांच्या हातून, वेतनाशिवाय आणि कर्म म्हणून कोणी त्याची दखल न घेता होत असे. शास्त्राने भूमीची शुद्धी कशाने होते ते सांगितले. ती करणाऱ्याचे काय होते हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. व्यवहाराने त्याचे उत्तर दिले ते असे, की जागा जितकी शुद्ध होते तितका तिला शुद्ध करणारा हीन ठरतो. भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाचे हात हरीचे मंदिर झाडण्यात गुंतलेले असत हे त्याचे भूषण म्हणून सांगितले आहे. तेच झाडणे रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात पोटासाठी केले की ते हलके काम ठरते. क्रिया एकच असताना मूल्य बदलते, याचा अर्थ मूल्य क्रियेतून येत नाही, कर्त्याच्या सामाजिक स्थानातून येते.

शांकर मतात कर्माने साक्षात मोक्ष मिळत नाही, पण फलाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माने चित्तशुद्धी होते आणि शुद्ध चित्तात ज्ञान उगवते. मग फरशी शुद्ध करणाऱ्याचे चित्त त्या कामानेच शुद्ध होते काय? या प्रश्नावर मराठीत झालेला सर्वांत समर्थ विचार धुळ्याच्याच तुरुंगात प्रकटला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी तेथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने उतरून घेतली. विनोबांची मांडणी अशी, की कर्म म्हणजे बाहेरची क्रिया, विकर्म म्हणजे त्या क्रियेला आतून मिळालेली चित्ताची जोड, आणि दोन्ही एकजीव झाली की कर्माचा भार उरत नाही, ते अकर्म होते. थर चढवण्याच्या कामात विकर्म म्हणजे काय, हे कल्पनेने शोधावे लागत नाही. मागचा हात खरोखर वाळला आहे की नाही हे पारखण्याचा धीर, भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यात, जेथे यंत्र पोचत नाही आणि कोणी पाहतही नाही, तेथे गुडघ्यांवर बसून खरवडण्याची निष्ठा, आणि सकाळी आठ वाजता या सगळ्यावरून शेकडो पाय जाणार हे पक्के ठाऊक असताना रात्री दोन वाजता दिलेला एकसारखा हात: हे विकर्मच आहे. ज्या कर्माचे फळ दिसते न दिसते तोच झिजू लागते, त्याच्या कर्त्याला फलाच्या नश्वरतेचा पाठ निराळा द्यावा लागत नाही.

येथेच मोठी सावधगिरी हवी. निष्कामतेची ही भाषा कामगाराच्या तोंडी असली तर ती साधना आहे. मालकाच्या तोंडी ती आली की लूट होते. फलत्याग तोच करू शकतो ज्याच्या हाती फळ आलेले आहे. ज्याचे वेतन दोन महिने थकले आहे, ज्याला हातमोजे दिलेले नाहीत, त्याला कर्मावरच तुझा अधिकार आहे असे सांगणे म्हणजे गीतेचा आधार घेऊन तिच्याच विरुद्ध वागणे होय. शिवाय वेतन हे गीतेतल्या अर्थाने फळ नव्हेच. ते घेतलेल्या श्रमाचे ऋण आहे, आणि ऋण फेडणे हा ऋणकोचा धर्म आहे, धनकोने ते सोडून द्यावे अशी अपेक्षा धरणे हा नव्हे. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने, कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली, तेव्हा त्याने कळत-नकळत हेच तत्त्व मान्य केले: ज्याच्या फरशीवर श्रम झाले, ऋण त्याचे.

यावर परंपरेकडून एक आक्षेप येऊ शकतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांस विकत असतानाच कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. मग प्राप्त कर्म, ते कितीही हीन मानलेले असले, सिद्धीला पुरेसे आहे असे का म्हणू नये? परंतु त्या कथेतील तपशील सहसा वाचला जात नाही. धर्मव्याधाचे स्वतःचे दुकान आहे, स्वतःचे चांगले घर आहे, वृद्ध मातापित्यांची सेवा करण्यास त्याच्यापाशी वेळ आहे, आणि तो प्राणी स्वतः मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. आपल्या कामाची मर्यादा त्याने आखून घेतली आहे. एवढी स्वायत्तता असलेल्या माणसाचे उदाहरण, पाळीची वेळ, द्रावणाची तीव्रता आणि कामाची जागा यांपैकी काहीच ज्याच्या हाती नाही त्याला लावणे न्यायाचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, जाती ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असे जे दाखवून दिले, ते या आक्षेपाचे पुरते उत्तर आहे. सफाईच्या कंत्राटावर कोणत्या वस्त्यांतील माणसे येतात आणि देखरेखीच्या खुर्चीवर कोण बसतो हे पाहिले, तर ती विभागणी यंत्र आणि ॲक्रिलिक आल्यानेही पुसलेली नाही.

म्हणूनच साने गुरुजींचे उदाहरण या चर्चेत निर्णायक ठरते. ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. पुढे १९२४ साली ते तेथील शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालय सांभाळताना मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे त्यांनी आपणहून केली. अद्वैताचा अभ्यासक झाडू हाती घेतो तेव्हा त्या कामावरचा हीनतेचा आरोप त्याच्यापुरता गळतो, हे खरे. गाडगे महाराजांनी दिवसा गावे झाडली आणि रात्री कीर्तन केले, त्यामागेही हीच शक्ती होती. परंतु या दोघांनी झाडू निवडला होता, आणि निवडलेल्या कर्माचे पुण्य लादलेल्या कर्माच्या समर्थनासाठी वापरता येत नाही. त्यांच्या आचरणातून कामगाराला नव्हे, इतरांना आज्ञा मिळते: ज्यांच्या पायांनी थर झिजतो त्यांनी झिजवण्याचाही हिशेब द्यावा, कामाच्या रात्री जागा वेळेवर रिकामी करावी, ओल्या हातावरून चालत जाऊ नये, आणि फरशी घासणाऱ्याला नावाने ओळखावे.

एवढे झाले तरी अद्वैताच्या बाजूने एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत कठीण आहे. चित्तशुद्धी ही पायरी आहे. तिच्यानंतर श्रवण म्हणजे गुरुमुखातून वेदान्तवाक्यांचा अर्थ ऐकणे, मनन म्हणजे युक्तीने तो पक्का करणे, आणि निदिध्यासन म्हणजे त्यातच चित्त स्थिर ठेवणे, असा क्रम आहे. यासाठी जागा मन आणि मोकळा वेळ लागतो. ज्याची रात्र पॅड आणि पोछ्याखाली जाते, दिवस झोपेत आणि दुसऱ्या कामात जातो, त्याचे चित्त सचोटीच्या कर्माने कितीही शुद्ध झालेले असले तरी श्रवणाला त्याच्याजवळ प्रहर उरत नाही. तेव्हा कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि पुरेसे वेतन हे प्रश्न मोक्षशास्त्राच्या बाहेरचे, केवळ कामगार कचेरीचे, असे मानता येणार नाही. अधिकारी कोण, म्हणजे ज्ञानाला पात्र कोण, हा वेदान्ताचा पहिलाच प्रश्न आहे आणि पाळीचे वेळापत्रक आखणारा मनुष्य त्याचे अर्धे उत्तर दर आठवड्याला देत असतो.