काठ कोणाचा?

पावसाळा नुकताच लागला होता. रविवारची उपासना आटोपून आम्ही काही जण चर्चच्या पायऱ्यांवर छत्र्या उघडीत उभे होतो. इतक्यात ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वाडीतली एक मावशी कमरेवर रिकामी घागर घेऊन आली. ती आमच्या मंडळीतली नव्हे. आजाऱ्यांच्या भेटीला मी त्या वाडीत अधूनमधून जात असतो, म्हणून ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या चर्चची माती आमच्या झऱ्यात आलीया. आता पाणी कुठलं भरू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती रागावली असती तर कदाचित मला काही उत्तर सुचले असते.

ही हकीगत खानापूर तालुक्यातील एका लहान गावची आहे. आमच्या गावाला येणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा. ओढ्यावरची मोरी जुनी व ठेंगणी. जोराचा पाऊस झाला की पाणी तिच्यावरून वाहे. काही वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला नेणारी जीप त्या पाण्यापाशी दोन तास अडकून पडली आणि दवाखाना गाठेपर्यंत मूल दगावले. त्यानंतर गावाने रस्ता रुंद करण्यासाठी अर्ज केला. सह्या सर्वांच्या होत्या. मसुदा माझ्या हातचा होता. म्हणून आरंभीच सांगतो की, रस्त्याच्या विरुद्ध तक्रार करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ज्या गावाने रस्त्यावाचून मूल गमावले आहे, तेथे रस्ता ही दयेचीच गोष्ट आहे.

अर्ज मंजूर झाला. काम सुरू झाले. चढावर टेकडी कापली गेली आणि निघालेली माती टाकायची कोठे, हा प्रश्न आला. चर्चच्या मागे आमची थोडी उतरती जागा आहे; ती ओढ्यापर्यंत जाते. "भराव हवा का? फुकट टाकतो," असे टिप्परवाल्याने विचारले. लग्नकार्याला गाड्या लावायला जागा नाही, अशी आमची जुनी तक्रार होतीच. पंचांच्या सभेत ठराव झाला. अनुमोदन माझे होते. दोन दिवसांत उतार सपाट झाला. काठावरचे करंज, उंबर आणि निरगुडीचे रान मातीखाली गेले. फुकटात काम झाले म्हणून त्या सभेच्या शेवटी आम्ही देवाचे आभारही मानले.

आता विचार करू या. दोष कोणाचा? कंत्राटदाराने माती जेथे मागितली तेथे टाकली. साहेबांच्या नकाशात रस्त्याची हद्द होती, आमच्या मागील उताराची नव्हती. आम्ही माती टाकू दिली ती आमच्याच जागेत. सात-बाऱ्यासारखा कागद काढला तर आमचे नाव निघेल. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. तरीही एका बाईची घागर रिकामी राहिली. वाईट हेतूवाचून घडलेले नुकसान हा अपघात म्हणायचा की पाप, हा प्रश्न मी स्वतःला अनेक दिवस विचारला.

उत्तर शोधण्यापूर्वी काठ म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते, कारण आम्ही जे पुरले त्याची किंमत आम्हाला ठाऊकच नव्हती. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना झाडाझुडपांचा जो पट्टा असतो त्याला आपण रान म्हणतो, फार तर पडीक जागा म्हणतो. परंतु तो पट्टा दिवसरात्र राबत असतो. करंज-उंबरांची मुळे तीर धरून ठेवतात. वरून येणारे पावसाचे पाणी गवतात आणि पालापाचोळ्यात अडखळते, त्यातला गाळ तेथेच बसतो आणि पाणी निवळून खाली उतरते. काही पाणी जमिनीत मुरते. पाऊस संपल्यावर तेच काठच्या झऱ्यांत हळूहळू पाझरते. सावलीमुळे डोहातले पाणी तापत नाही आणि मासे जगतात. पुराच्या वेळी हाच पट्टा पाण्याचा जोर मोडतो. हा पट्टा काढून टाकला तर पाणी येते तसेच थांबते, आणि मध्ये जे राहते ते गढूळ असते.

रस्त्याचे काम नेमके या ठिकाणी घाव घालते. कापलेली दरड आणि नवा भराव दोन्ही उघडे असतात. पहिल्या चार सरींत त्यांची माती सुटते आणि गटारीतून ओढ्यात जाते. दुसरा घाव मोरीचा. ओढ्याच्या रुंदीपेक्षा लहान नळ टाकले की पाणी तुंबते किंवा नळातून तोफेसारखे सुटते आणि पलीकडचा तीर खणते. नळाचे तोंड पात्रापेक्षा उंच राहिले तर आणखी एक गोष्ट होते, ती आपल्या लोकांना चटकन कळेल. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी खालच्या पाण्यातून वर ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात चढतात. हातभर उंचीवरून पडणाऱ्या धारेखाली ते येतात, उड्या मारतात आणि तेथेच थांबतात. रस्ता माणसांसाठी मोकळा झाला, आणि त्याच जागी दुसऱ्यांची वाट बंद झाली.

आमचा ओढा लहान आहे. उन्हाळ्यात तो कोरडा असतो. "एवढ्याशा ओहोळाचे काय?" असे सभेत कोणी म्हटले असते तर मीही मान हलवली असती. पण तो जातो कोठे? तो मलप्रभेला मिळतो. मलप्रभा आपल्या तालुक्यातच कणकुंबीला उगम पावते, खानापुरावरून पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात थांबते, हुबळी-धारवाडच्या घराघरांत नळाने पोहोचते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच तालुक्याच्या रानातून म्हादई निघते. ती पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीवरून समुद्राला जाते. म्हणजे आपल्या तालुक्याच्या डोंगरावर पडलेला एक थेंब बंगालच्या उपसागराकडे आणि शेजारचा थेंब अरबी समुद्राकडे जातो. इतक्या लोकांचे पाणी आपल्या अंगणातून जाते.

म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्ये किती वर्षे भांडत आहेत हे वाचकांना सांगायला नको. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला आणि त्यानंतरही वाद मिटला नाही. पाण्याच्या वाट्यासाठी आपण एवढे जागरूक आहो. परंतु ज्या ओहोळांनी ते पाणी नदीत येते ते ओहोळ आपल्या टिप्परांनी बुजतात, तेव्हा लवाद बसत नाही आणि मोर्चाही निघत नाही.

कायदा काहीच सांगत नाही असे नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात प्रवाह या शब्दात केवळ नदी येत नाही. ओहोळही येतो, मग तो वाहता असो की त्या काळापुरता कोरडा असो. पाण्याची वाट अडवून प्रदूषण वाढवील असे काही त्यात जाणूनबुजून टाकण्यास मनाई आहे. तरीपण कायद्याच्या जाळ्याला मोठी छिद्रे आहेत. २०१३ साली नियम बदलले आणि १०० किलोमीटरपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला, ठराविक रुंदीपलीकडे जमीन घेतली जात नसेल तर, पर्यावरणाच्या आगाऊ मंजुरीतून सूट मिळाली. याचा परिणाम उत्तराखंडात दिसला. तेथील चारधाम रस्त्याचे सुमारे ९०० किलोमीटरांचे काम ५३ तुकड्यांत विभागले गेले. प्रत्येक तुकडा १०० किलोमीटरांच्या आत राहिला आणि सगळ्या कामाची मिळून तपासणी झाली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका समितीची रचना केली. डोंगर कापून निघालेली माती व दगड उतारावर आणि नद्यांकडे लोटले जाणे हा त्या समितीपुढील मोठा प्रश्न होता. महामार्गांची ही कथा. मग आमच्यासारख्या गावरस्त्याची मोजदाद कोण करणार? जेथे कायदा विचारीत नाही तेथे विवेकाने विचारले पाहिजे.

त्या विवेकाला दिशा देणारा एक नियम लेवीयाच्या पुस्तकात आहे. पीक कापताना शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत. त्या गरिबासाठी व परक्यासाठी ठेवाव्यात, असा तो नियम. कडा शेतकऱ्याच्या मालकीच्या होत्या, हे शास्त्र नाकारीत नाही. तरी मालकाच्या हातातील विळा तेथे थांबला पाहिजे. तो परका कोण आहे, त्याचे नाव काय, तो येणार की नाही, हे मालकाला ठाऊक नसते. रूथ बवाजाच्या शेतात आली ती याच व्यवस्थेमुळे. मला वाटते, ओढ्याचा काठ ही आपल्या जमिनीची तशीच कड आहे. कागदावर ती आपली असेल, पण तिच्यात खालच्या माणसाचा वाटा आहे. यहेज्केल संदेष्ट्यानेही कळपातील धष्टपुष्ट मेंढरांना याच गोष्टीचा जाब विचारला आहे: स्वतः निर्मळ पाणी प्यायचे आणि उरलेले पायांनी गढूळ करून दुबळ्यांना ठेवायचे, हे कसे? त्या मेंढरांचाही हेतू कोठे वाईट होता? ती फक्त खाली न पाहता चालली.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. बाळंतिणीचा जीव मोठा की निरगुडीचे झुडूप? रस्ता लवकर आणि स्वस्तात व्हायला हवा होता. माणसे वाचवायची की काठ? मीही असाच युक्तिवाद स्वतःपाशी करून पाहिला. मग एके दिवशी कामावरच्या एका मुकादमाला सहज विचारले की, ही माती दुसरीकडे नेता आली नसती का? तो म्हणाला, "आली असती की. तीन किलोमीटरवर जुनी खडीची खाण आहे. डिझेल जास्त लागलं असतं, एवढंच."

हे उत्तर ऐकून माझा आक्षेप गळून पडला. रस्ता आणि ओढा यांत निवड करण्याची वेळ आमच्यावर आलीच नव्हती. दोन्ही राखता आले असते. प्रश्न एवढाच होता की तीन किलोमीटरांचा खर्च कोणी सोसायचा. तो रस्त्याच्या हिशेबात धरला गेला नाही, म्हणून संपला असे नव्हे. खर्च टळत नाही. तो उतारावरून खाली जातो आणि ज्याचा सभेत आवाज नाही त्याच्या दारी थांबतो. आमचे डिझेल वाचले आणि मावशीची पायपीट वाढली. आम्हाला जे फुकट मिळाले त्याचे पैसे तिने भरले.

म्हणून माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. ठाऊक नव्हते तोवर ती चूक होती. परंतु ठाऊक करून घेणे शक्य होते, उतार डोळ्यांसमोर होता, पाणी खाली जाते हे लहान मुलालाही कळते, आणि तरी सभेत एकानेही "खाली कोण राहते?" असे विचारले नाही. न विचारण्यात आमचा फायदा होता. तेथे अपघात संपतो आणि अपराध सुरू होतो.

पुढे काय केले तेही सांगतो. सभा पुन्हा भरली. "आता पडलेली माती काय उचलायची?" असे म्हणणारे होते, आणि खर्चाचे ऐकून गप्प बसणारेही होते. शेवटी बांधकामाच्या फंडातून जेसीबी लावून काठाला लागून असलेला भराव मागे ओढला. सगळा निघाला नाही. उरलेल्या उतारावर वाळा लावला, पायथ्याला दगड रचले आणि पावसात करंजाची रोपे लावली. वाडीतल्या बायांबरोबर आमच्या तरुणांनी झऱ्यातला गाळ उपसला. पाणी येते, पण मोठा पाऊस झाला की दोन दिवस अजून गढूळ असते. पुरलेल्या उंबराएवढे झाड व्हायला आमचे आयुष्य पुरणार नाही. काही नुकसाने क्षमा मागून भरून येत नाहीत. क्षमा तरीही मागावी लागते.

वाचकांपैकी अनेकांच्या गावी आज ना उद्या रस्त्याचे काम निघेल. त्या वेळी चार गोष्टी आधी विचाराव्यात. निघालेली माती कोठे टाकणार, आणि ती जागा पाण्यापासून दूर आहे काय? मातीचे काम मृगाआधी आटोपेल काय, आणि उघडा उतार गवताने किंवा दगडाने झाकला जाईल काय? मोरी ओढ्याएवढी रुंद आणि पात्राच्या पातळीत आहे काय? डांबराची पिंपे आणि यंत्रांचे तेल पाण्याकाठी तर ठेवलेले नाही ना? हे विचारायला इंजिनियर व्हावे लागत नाही. आणि कोणी फुकट भराव देऊ केला तर हो म्हणण्यापूर्वी ओढ्याकडेने एकदा खाली चालत जावे.

आमच्या अर्जात रुंदी होती, लांबी होती, मोरीची उंचीही होती. ओढ्याचा काठ राखून काम व्हावे, हे एक वाक्य नव्हते. मसुदा माझाच होता. ते वाक्य घालायला कागद कमी पडला नसता.