गॅलरीतला भूतयज्ञ



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या १३व्या श्लोकावर. भगवंत इथे फार स्पष्ट बोलतात. यज्ञ करून जे उरतं ते खाणारा पापातून सुटतो आणि फक्त स्वतःसाठी शिजवणारा पापच खातो.

आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने यज्ञ करायचा कुठे? परंपरेने गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितलेत. त्यातला एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांसाठीचा. कारणही दिलंय. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा माठ, या पाच ठिकाणी आपल्या हातून नकळत जीव मरतात. म्हणून रोज थोडं परत द्यायचं.

तुम्ही म्हणाल, देतो की! खिडकीत मूठभर ज्वारी टाकतो. भाव चांगलाच आहे. पण शहरात ते दाणे बहुतेक वेळा कबुतरंच संपवतात. शिंजीर, शिंपी, दयाळ यांना धान्य नकोच असतं. शिंजीर फुलातला मध पितो, पण पिल्लांना कोळी-किडे भरवतो. चिमणी स्वतः दाणे खाते, तरी तिच्या पिल्लांना आधी अळ्या लागतात. कबुतराचं मात्र वेगळं. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, तोच ते पिल्लांना भरवतं. किड्यांवाचून त्याचं अडत नाही.

म्हणजे एका हाताने दाणे टाकायचे आणि दुसऱ्या हाताने कुंड्यांवर कीटकनाशक मारायचं, यात सोय होते ती कबुतरांची. चिमणीच्या पिल्लापुढचं ताट आपणच उचललेलं असतं.

कढीपत्त्यावर अळी दिसली की आपला हात लगेच स्प्रेकडे जातो. थांबा. चार पानं तिची, उरलेली आपल्या फोडणीची. उरलेलं आपण घ्यायचं, हाच तर यज्ञशेष! विकत आणलेले दाणे टाकणं सोपं असतं. आपल्या लाडक्या झाडाची पानं कुरतडली जाताना बघणं अवघड. त्याग खरा तिथे सुरू होतो.

गॅलरीत एक जास्वंद आणि एक अडुळसा लावा, शिंजीर येईल. कढीपत्त्याला फळं धरू द्या, ती बुलबुल खातो. मातीच्या उथळ भांड्यात दोन बोटं पाणी ठेवा आणि ते रोज बदला, नाहीतर डास होतील.

आणि पक्षी आलाच नाही तर? अहो, देव नैवेद्य खाताना तरी कुठे दिसतो! तरी आपण रोज ताट ठेवतोच ना? फोटो मिळावा म्हणून पाणी ठेवलं तर तो व्यवहार झाला. आपण ऑफिसात असताना, कोणी बघत नसताना एखादा दयाळ येऊन दोन घोट पिऊन गेला, तरी आहुती पोचली.

आजची साधना: आठवडाभर स्प्रेची बाटली कपाटात ठेवायची आणि पूजेआधी पक्ष्यांचं पाणी बदलायचं.

राम कृष्ण हरी!