वय झालं रं

बाजारात बैल घेताना मी आधी त्याचा जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते बघितल्याशिवाय पैशाची बोली नाही.

आईच्या तोंडात मात्र कधी डोकावलो नाही. सकाळ-संध्याकाळ मिसरी घासून तिच्या हिरड्या दात सोडायला लागल्या. ती भाकरी दुधात कुस्करून खायची. विचारलं की म्हणायची, "वय झालं रं." मलाही ते सोयीचं वाटलं, वयाला डॉक्टरची फी लागत नाही.

साठीनंतर माझ्याच हिरडीतून रक्त यायला लागलं, तेव्हा तालुक्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "दात नुसत्या वयानं पडत नाहीत. हिरडीचं दुखणं अंगावर काढलं की पडतात." तंबाखू सोडा, दोन वेळा ब्रश करा. एवढंच.

आता आई नाही. किंमत करायची असली तरच तोंड उघडून बघायचं का?