भोग कुणाचा, सेवा कुणाची?

॥ श्री गुरुदेव ॥


घरात अचानक दुखणं आलं, अपघात झाला, की आपल्या तोंडून सहज निघतं, "भोग आहेत, भोगूनच संपवायचे." हे कुणी कुणाला म्हणावं, याचा आज जरा विचार करू या.

आपल्या निपाणी भागातलं एक साधं घर डोळ्यांपुढे आणा. नवरा गवंडीकामाला, बायको घरी बिड्या वळते. महामार्गावर गाडी घसरून नवऱ्याचा पाय मोडतो. त्याची हजेरी त्याच दिवशी बंद. बिडीची मजुरी हजारावर मिळते. ती माउली दवाखान्यात बसली की सुपातली पानं तशीच राहतात, तिचीही मजुरी बुडते. खर्च सुरू होतो त्याच दिवशी मिळकत थांबते. मग आधी हातउसने, मग सोनं सोसायटीत गहाण, मग दुभती म्हैस बाजारात. म्हैस गेली की दुधाचे पैसेही गेले. पाय काही महिन्यांत जुळतो, व्याज वर्षानुवर्षं चालतं. आणि शिक्षण थांबतं ते बहुतेक वेळा मुलीचं.

हे एका घराचं नाही. आपल्या देशात दर वर्षी सुमारे 6 कोटी 30 लाख माणसं उपचाराच्या खर्चापायी गरिबीत लोटली जातात, असं 2015 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यातच म्हटलं होतं. एवढ्या सगळ्यांना 'भोग' म्हणून सोडून द्यायचं का?

सोसणाऱ्यानं स्वतःशी 'भोग' म्हटलं तर त्याला धीर येतो. बघणाऱ्यानं तेच म्हटलं तर तो मोकळा होतो. शब्द एकच, एकाच्या तोंडी श्रद्धा, दुसऱ्याच्या तोंडी पळवाट. त्याचं दुःख हे त्याचं प्रारब्ध म्हणा हवं तर. पण ते आपल्या डोळ्यांसमोर आलं, हे आपलंही प्रारब्धच की! त्याच्या वाट्याला सोसणं आलं, आपल्या वाट्याला सेवा आली.

कुणी म्हणेल, "किती जणांना पुरं पडायचं?" खरं आहे, सगळं बिल कुणी भरू शकत नाही. पण दहा घरांनी थोडं थोडं बिनव्याजी दिलं तर म्हैस दावणीलाच राहते. पैसे नसतील तर रात्री दवाखान्यात बसा. त्या माउलीची मजुरी वाचेल. ग्रुपवर "लवकर बरे व्हा" लिहून झालं की एक फोनही करा, "घरात काय कमी आहे?" असं विचारा. दिलेल्याचा फोटो मात्र टाकू नका. घेणाऱ्याची मान खाली गेली तर ती कसली सेवा?

आणखी एक शंका असते. आधीपासून तजवीज करणं म्हणजे गुरूंवर विश्वास नाही का? शेतकरी मृगाआधी रान तयार ठेवतो, तो काय पावसावर अविश्वास म्हणून? कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. आपण कोल्हापूर-मिरजेलाही जातो. तिथल्या दवाखान्यात आपलं कार्ड चालतं का, हे आधीच विचारून ठेवावं. शेजारच्या आजीला वाचता येत नसेल तर तिचं कार्ड काढून द्यावं. ही पण साधनाच आहे.

स्वतःचं दुःख प्रारब्ध म्हणून सोसावं. दुसऱ्याचं दुःख गुरूंनी सांगितलेलं काम समजून उचलावं.

॥ शुभं भवतु ॥