दोषाचें स्थान

कांहीं बिघडलें म्हणजे मनुष्य आधीं कारण शोधीत नाहीं, अपराधी शोधतो. ह्या दोन शोधांतील अंतर वरवर पाहतां थोडें वाटतें. परंतु कारण शोधणारा वस्तूकडे पाहतो आणि अपराधी शोधणारा आसपासच्या माणसांकडे पाहतो. त्यांतही ज्याला उलट उत्तर देण्याची सोय नाहीं अशा माणसाकडे त्याची दृष्टि प्रथम जाते. ही गोष्ट आम्हांस ग्रंथांवरून ठाऊक होती. ती आपल्याही अंगीं आहे, हें मात्र एका जीपगाडीनें दाखविलें. विषय यंत्राचा निघाला म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये. यंत्राची गोष्ट थोडक्यांत सांगून आम्ही पुन्हां मनुष्याकडेच येणार आहों.

आमचें राहणें चंद्रपूरचें. कामानिमित्त बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली ह्या मार्गानें भामरागडपर्यंत वर्षांतून अनेकदां जावें लागतें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही बहुतांशीं अरण्यानें व्यापलेला आहे, आणि पर्लकोटेच्या पुरानें भामरागड कितीदां जगापासून तुटलें हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस सांगावयास नको. अशा मुलखांत गाडी चार बोटें उंच असावी असें कोणासही वाटेल. आम्हीं आमच्या जुन्या जीपला अधिक कमानीचे पाटे आणि लांब शॅकल बसवून ती उंच करून घेतली. ह्याचीं कारणें दोन होतीं. नाल्यांतले दगड गाडीच्या पोटाला लागूं नयेत, हें सांगण्यासारखें कारण. उंच गाडींत बसून खालच्या गाड्यांकडे पाहतांना मनास जो एक फुगारा येतो तो आम्हांस हवा होता, हें न सांगण्यासारखें. दुसऱ्या कारणाची नोंद मुद्दाम केली आहे. कारण पुढील सर्व प्रकरणांत तेंच दडून बसलें होतें.

थोड्याच दिवसांत गाडींत एक थरथर सुरू झाली. वेग ताशीं ५० किलोमीटरच्या पुढें गेला कीं पायाखालची पाटी गुणगुणूं लागे, आरसा अस्पष्ट होई आणि बोलणें तुटक ऐकूं येई. आमचा ड्रायव्हर आलापल्लीकडचा, बारा वर्षें आमच्याकडे असलेला. तो म्हणाला, "गाडी उंच केली तवापासूनच हे चालू हाये जी, साहेब." हें त्यानें एकदां नव्हे, दोनदां सांगितलें. आम्हीं तें ऐकलें नाहीं. उलट, क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याची त्याची खोडच ह्याला कारण आहे असें आम्हीं ठरविलें, क्लचप्लेट बदलविली, आणि तिची अर्धी किंमत त्याच्या पगारांतून कापली. थरथर कायम राहिली. मग टायरवाल्यानें चाकें तोलून दिलीं व ठणकावून सांगितलें कीं चाकांत दोष नाहीं. दुसऱ्यानें शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे घातले व तितक्याच ठणकावून सांगितलें कीं आतां क्रॉसमध्यें दोष नाहीं. प्रत्येक भाग निर्दोष ठरत गेला आणि गाडी थरथरतच राहिली.

अखेर चंद्रपुरांतील एका वयस्क मिस्त्रीकडे आम्ही गेलों. त्यानें हत्यार हातीं घेण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारला: "हें केव्हांपासून सुरू झालें?" आम्ही घुटमळलों. उत्तर ड्रायव्हरनें दिलें. इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणींच विचारला नव्हता, आणि ज्यानें न विचारतां त्याचें उत्तर दिलें होतें त्यालाच आम्हीं दंड केला होता.

मिस्त्रीची रीत पाहण्यासारखी होती. मोकळ्या रस्त्यावर, थरथर चालू असतां, त्यानें गाडी न्यूट्रलमध्यें टाकून नुसती वाहूं दिली. एंजिन मंद झालें तरी थरथर पुष्कळशी तशीच राहिली. म्हणजे एंजिन व क्लच सुटले, आणि त्यांच्याबरोबर आमचा ड्रायव्हरही सुटला. नंतर त्यानें मागचा शाफ्ट उतरवून केवळ पुढल्या चाकांच्या जोरावर गाडी चालविली. मागचीं चाकें फिरतच होतीं, पण थरथर नाहींशी झाली. म्हणजे चाकेंही सुटलीं. थरथरीची जातही त्यानें ओळखली होती. सुमारें ३० इंच व्यासाचें चाक ताशीं ६० किलोमीटर वेगांत सेकंदाला ७ वेळां फिरतें. मागच्या गिअरचें प्रमाण ४ धरिलें तर शाफ्ट २८ वेळां फिरतो. चाकाचा दोष सेकंदाला ७ धक्के देतो, शाफ्टच्या तोलाचा दोष २८ धक्के देतो, आणि सांध्याच्या कोनाचा दोष त्याच्या दुप्पट, म्हणजे ५६ धक्के देतो. पहिल्यांत गाडी डोलते. शेवटल्यांत ती गुणगुणते. आमची गुणगुणत होती.

दुप्पट कां, हें समजून घेण्यासारखें आहे. शाफ्टच्या दोन टोकांस जो क्रॉसचा सांधा असतो त्यास सोळाव्या शतकांतील इटालियन वैद्य व गणिती कार्दानो ह्याचें नांव आहे, आणि सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक ह्याचेंही आहे. हा सांधा वांकड्या रेषेंतून शक्ति पोंचवितो खरा, परंतु एकसारख्या गतीनें पोंचवीत नाहीं. अलीकडची बाजू समगतीनें फिरली तरी पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यांत दोनदां घाई करते व दोनदां रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंस दीड टक्क्याच्या आसपास असतो. कोन २० अंशांचा झाला कीं तो ६ टक्क्यांवर जातो. तरीही गाड्या सुरळीत चालतात, कारण शाफ्टला असे सांधे दोन असतात. दोहोंचे कोन सारखे असले आणि दोन्ही टोकांचे कान एका पातळींत बसविलेले असले, म्हणजे पहिल्यानें केलेली घाई दुसरा भरून काढतो. दोष दोघांतही आहे. दोघांच्या समजुतीनें तो बाहेर दिसत नाहीं.

मिस्त्रीनें शाफ्ट पुन्हां चढविला, कान एका पातळींत आहेत हें पाहिलें, आणि गवंड्याचा ओळंबा व शाळकरी मुलाच्या कंपासपेटींतील कोनमापक घेऊन तो गाडीखालीं शिरला. वरच्या सांध्याचा कोन १४ अंश भरला, खालच्याचा ८. लांब शॅकलमुळें मागचा आंस फिरून त्याचें तोंड वर झालें होतें. शाफ्ट सरळ होता, क्रॉस नवे होते, बेअरिंगें घट्ट होतीं. कोणताच भाग बिघडलेला नव्हता. बिघडला होता तो त्यांचा परस्परसंबंध. आणि तो आम्हींच, पैसे मोजून, बिघडविला होता.

येथपर्यंत यंत्राची गोष्ट. तिच्यांतून जो पहिला विचार सुचतो तो असा कीं, दोष नेहमीं एखाद्या वस्तूंत किंवा व्यक्तींत असलाच पाहिजे ही आपली समजूतच चुकीची आहे. एखाद्या घरीं दोघे भाऊ सज्जन असतात, दोघी जावा समंजस असतात, आणि तरीही घरांत रात्रंदिवस खडखडाट चालतो. प्रत्येकाला वेगळें काढून तपासलें तर तो निर्दोष ठरतो. खरी गोष्ट एवढीच असते कीं, एका भावाची कमाई वाढून घराची एक बाजू उंच झाली आणि खर्चाची, कामाची, मानपानाची जुनी वांटणी मात्र तशीच राहिली. कोन बदलले, पण ते कोणीं मोजले नाहींत. मग कोणाच्या तरी स्वभावाला दोष देऊन नवे क्रॉस घालण्याचे प्रयोग सुरू होतात.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, दोष संबंधांत आहे असें एकदां ठरविलें कीं सर्वच सुटतात. ही तर जबाबदारी उडवून लावण्याची सोयीची युक्ति झाली. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. संबंध आपोआप बदलत नाहींत. ते कोणीतरी बदलतो. शाफ्ट निर्दोष होता, ड्रायव्हर निर्दोष होता. परंतु गाडी उंच करणारे आम्ही जबाबदार होतों. म्हणून मिस्त्रीचा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता, नैतिकही होता. "दोष कोणाचा?" ह्या प्रश्नास बोट दुसऱ्याकडे दाखवून उत्तर देतां येतें. "केव्हांपासून? आणि तेव्हां काय बदललें?" ह्या प्रश्नास उत्तर देतांना पुष्कळदां बोट स्वतःकडे वळवावें लागतें. आम्हांस तो प्रश्न सुचला नाहीं ह्याचें कारण अज्ञान नव्हतें. त्याचें उत्तर आम्हांस नको होतें. आमचा फुगारा त्यांत जाणार होता.

दुसरा विचार सवयीचा आहे. तीन महिन्यांत आमच्या घरची मंडळी म्हणूं लागलीं, जीप म्हटली कीं थरथरणारच! कंप थांबला नव्हता. तो जाणवेनासा झाला होता. गाडीच्या बाबतींत ह्या सवयीनें फारसें बिघडत नाहीं, माणसांच्या बाबतींत बिघडतें. ह्याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तान्त १९८९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या; तपासणींत ९२ टक्के स्त्रियांस एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वीं कधीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र ८ टक्केच होत्या. ह्या दोन आंकड्यांमधील अंतरांत किती मूक सहनशीलता आहे! बाईच्या जातीला हें असायचेंच, असें इतरांनीं मानलें, आणि पुढें पुढें तिनेंही मानलें असेल. यंत्राशीं मनुष्याची तुलना येथें संपते, कारण यंत्र निदान गुणगुणतें तरी. सोसणारा गप्प आहे ह्यावरून सर्व सुरळीत आहे असें अनुमान काढणें, हा निदानाचा दोष तर आहेच, पण त्याहून मोठा दोष अंतःकरणाचा आहे.

आतां उपायाविषयीं. पाट्याखालीं ६ अंशांची पाचर घालून मागच्या आंसाचें तोंड खालीं करावें, म्हणजे दोन्ही कोन १४ अंशांचे होऊन थरथर शमेल, असें मिस्त्रीनें सांगितलें. पाचर मारणें म्हणजे काम बिघडविणें असा आपल्या भाषेंतला अर्थ. येथें ती काम सुधारणार होती. परंतु त्यानें पुढेंही सांगितलें कीं, कोन सारखे झाले तरी मोठेच राहतील आणि क्रॉस लवकर झिजतील. उंचीची किंमत टळणार नव्हती, ती केवळ पुढें ढकलतां आली असती. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचें ५२ वें कलम गाडींत असा मनमानी फेरबदल करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें पुन्हां स्पष्ट केलें आहे. आम्हीं जुने पाटे व जुने शॅकल परत बसविले. गाडी खालीं आली आणि थरथर गेली. नाल्याशीं आलों कीं आतां आम्ही उतरून पाणी पाहतों. उंच गाडीच्या भरंवशावर तें पाहण्याचें आम्हीं सोडूनच दिलें होतें.

क्लचप्लेटचे कापलेले पैसे आम्हीं ड्रायव्हरला परत केले आणि आमची चूक झाली असें सांगितलें. पैसे देणें सोपें होतें. तें वाक्य उच्चारण्यास चार दिवस लागले. त्यानें पैसे खिशांत ठेवले, समोरची कांच पुसली आणि म्हणाला, "असू द्या जी." हे शब्द क्षमेचे होते, कीं फार दिवसांच्या सवयीचे, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं. तें त्यानें आपण होऊन सांगावें अशी अपेक्षा करणें बरोबर नव्हे. विचारण्याचें काम आमचें आहे.