पंगतीबाहेरचे शहर

इ. स. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा या नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली आणि मराठी व्याकरणाची घडी बसवून देणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकी होते, ही हकीकत आपल्या सामाजिक इतिहासाच्या ग्रंथांत एखाद्या परिच्छेदापुरती येते आणि जाते. या सभेत प्रवेश इच्छिणाऱ्या गृहस्थाला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे, आणि त्या प्रतिज्ञेची साक्ष म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खावा लागे. सर्वांसमक्ष म्हणजे अर्थातच बंद दाराआड, आपल्याइतक्याच धास्तावलेल्या सभासदांसमक्ष. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादीच बाहेर फुटली, नावे चव्हाट्यावर येणार या भयाने सभा विस्कटली, आणि तिच्यातील जी मंडळी टिकून राहिली त्यांतील काहींनी १८६७ मध्ये प्रार्थना समाजाचा मार्ग धरला. वसई-साष्टीकडे विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या दंतकथा ज्या काळी आजीच्या तोंडून ऐकावयास मिळत, त्या काळी पावाच्या एका तुकड्यात केवढे सामर्थ्य मानले जात असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे.

कठीण अशासाठी की, तोच पाव आज दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी सहा वाजता हजारो माणसे उभ्याउभ्या खातात आणि त्यांपैकी एकाच्याही मनाला आपण काही प्रतिज्ञा करीत आहोत असा संशय शिवत नाही. पाव भाजणारा बहुधा उत्तरेकडून आलेला मुसलमान कारागीर असतो, भट्टीचा मालक इराणी किंवा गोव्याचा असतो, वडा तळणारा सातारचा किंवा कोकणातला असतो, आणि खाणारा कोणीही असतो. दादोबांच्या मित्रांना जे रात्री लपून करावे लागले ते त्यांच्या पणतू-खापरपणतूंनी भर रस्त्यावर, वर सुक्या लसणाची चटणी घालून, करून टाकले. तेव्हा सुधारणेचा विजय झाला असे म्हणावयास हरकत नसावी. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीविषयी जे जे लिहिले जाते त्याचा सूरही बहुधा हाच असतो: हे शहर म्हणजे सर्व प्रांतांच्या रसनांचा संगम, येथे सर्व जातिधर्म एका ताटात एकत्र आले, इत्यादी. मला हे विधान अर्धेच खरे वाटते. मुंबईची माणसे रस्त्यावर एकत्र खावयास शिकली ती मतांतरामुळे शिकली नाहीत. चुलीपासून तुटल्यामुळे शिकली. आणि जेथे जेथे त्यांना पुन्हा चूल मिळाली, तेथे तेथे त्यांनी दार लोटून घेतले.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढील अर्धशतकात रत्नागिरी-साताऱ्याकडील तरुणांचे तांडे मुंबईच्या वाटेला लागले. हे तरुण एकटे आले. बायको, आई, शेत आणि चूल ही मुलखातच राहिली. १९२१ च्या खानेसुमारीत या शहरात दर हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या, हा एक आकडा ध्यानी घेतल्यावाचून मुंबईच्या अन्नाविषयी काही लिहू नये असे माझे मत आहे. चाळीच्या एका खोलीत एकाच गावचे पाचपंचवीस गडी पाळीपाळीने झोपत, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. तेथे स्वयंपाक कोणी करावयाचा? धोबीतलाव-माझगावकडच्या गोवेकरांच्या कुडांची कथाही याहून निराळी नाही. तेथे जहाजावरून उतरलेला खलाशी आपल्या गावच्या कुडात पेटी ठेवी आणि पुढचे जहाज मिळेपर्यंत तेथेच राही.

स्वयंपाक कोणी करावयाचा या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे गिरणगावातील खाणावळ. हिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मुंबईच्या खाद्यजीवनाचा जो इतिहास सांगितला जातो त्यात उपाहारगृहांची नावे येतात, परंतु ज्या बाईने आपल्या दहा-बारा फुटांच्या खोलीत वीस वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधले तिचे नाव कोठेच येत नाही. पहाटेच्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी तिची पहिली भाकरी तव्यावर पडलेली असे. पाण्याचा नळ सार्वजनिक, म्हणून रात्रीच हंडे भरून ठेवलेले. मोरीच्या कडेला भांड्यांची रास. शेगडीच्या धुराने काळवंडलेली भिंत आणि तिच्यावर खडूने ओढलेल्या रेघा, ज्याने जितक्या वेळा जेवण घेतले तितक्या. गडी आतबाहेर करून जेवत, कारण एका वेळी चौघांहून अधिकांना मांडी घालावयास जागाच नसे. घाटावरच्या गड्याला भाकरी आणि झणझणीत कालवण हवे. कोकणातल्याला भात आणि त्यावर निदान सुकटीचे तिखले हवे. म्हणून खाणावळीही मुलूखवार आणि पुष्कळदा जातवार असत. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी चुकता व्हावयाचा. तो झाला नाही, गिरणी बंद पडली अथवा संप लागला, तर बाई स्वतःच्या मंगळसूत्रावर कर्ज काढून उधारीवर जेवू घाली, आणि सावकाराचे व्याज भरता भरता तिचीच चूल थंडावे.

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेच्या कर्जाचे दार उघडून दिले, हे कार्य माझ्या दृष्टीने शहरातील कित्येक पुतळ्यांच्या मानकऱ्यांहून मोठे आहे. कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणी कामगार हा नायक आणि मालक हा प्रतिनायक; पण संप जितके दिवस चालला तितके दिवस तो कोणाच्या डाळतांदळावर चालला, हा प्रश्न त्या इतिहासात फारसा विचारलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि तो संप विधिपूर्वक मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, त्यांबरोबर खाणावळीही गेल्या. ज्यांनी भिंतीवरच्या रेघा ओढल्या त्यांची देणी कोणी दिली याचा दस्तऐवज कोठेही नाही.

दुसरे उत्तर म्हणजे डबा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा उभा केला असे मानले जाते, आणि मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या माणसांनी तो आजवर चालविला आहे. परदेशी पाहुणे, व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक आणि वृत्तपत्रे यांनी या मंडळींच्या अचूकतेचे एवढे गोडवे गाइले आहेत की त्यात मी भर घालणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. स्थानकावर डबेवाल्याच्या डोक्यावरून उतरणारी ती लांब लाकडी पाटी जवळून पाहावी: तिच्यात जैनाचा कांदा-लसूणवर्जित डबा, मालवण्याचा बांगड्याचा डबा आणि बोहऱ्याचा खिम्याचा डबा एकमेकांना खेटून, रेल्वेच्या हादऱ्यांनी एकमेकांवर आपटत चर्चगेटपर्यंत येतात. झाकणावर रंगाने काढलेल्या खुणांत स्थानक असते, इमारत असते, मजला असतो. जात नसते, पदार्थही नसतो. वाहणारा वारकरी माळकरी असला तरी आत काय आहे हे तो विचारीत नाही. मात्र प्रत्येक डब्याची कडी घट्ट लावलेली असते. किती लोक एकमेकांच्या किती जवळून गेले आणि तरी कोणी कोणाचे काही चाखले नाही, याचे यापेक्षा नेमके चित्र मला माहीत नाही. घरचेच अन्न, घरच्याच हातचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोणाचाही विटाळ न होता पोहोचावे ही जी सनातनी वृत्तीची मागणी, ती पुरविण्यासाठी शहराने आपली सर्वांत आधुनिक यंत्रणा कामी लावली.

तिसरे उत्तर इराण्याचे. यझ्द-केरमानकडून आलेल्या या पारशी धर्माच्या लोकांना येथील सोवळ्याओवळ्याशी काही कर्तव्य नव्हते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळे असे सांगतात. १९०४ चे कयानी, १९१४ चे ग्रँट रोडचे बी. मेरवान, १९२३ चे बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया अशी आता थोडीच नावे उरली आहेत. संगमरवरी माथ्याच्या टेबलाभोवती चार खुर्च्या असत, आणि तीन रिकाम्या असतील तर त्यांवर कोणीही येऊन बसे: कारकून, हमाल, नाटकातला नट, कोर्टाच्या तारखेला आलेला पक्षकार. ब्रून मस्का चहात बुडविताना समोरच्याचे नाव विचारण्याची गरज नसे, आणि मला वाटते, याच बेपर्वाईत इराण्याचे ऐतिहासिक कार्य आहे. पंगतीत बसणाऱ्याची जागा ठरलेली असते. पंगतीला यजमान असतो, वाढण्याचा क्रम असतो, आणि कोणाला पंगतीत घ्यावयाचे नाही याचाही अलिखित ठराव असतो. इराण्याकडे यजमान नव्हता, गल्ल्यावर बसलेला एक कंटाळलेला मालक तेवढा होता. ज्या पुण्यात १८९० मध्ये मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांपर्यंत सर्वांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, त्या पुण्यापासून शंभर-सव्वाशे मैलांवर परधर्मीयाच्या हातचा चहा ही थोड्याच वर्षांत नित्याची बाब झाली, आणि त्यासाठी कोणालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले नाही.

अर्थात सर्वच दुकाने इतकी उदासीन नव्हती. रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळे होते, पाट्यांवर हिंदू उपाहारगृह असे ठळक लिहिलेले असे, आणि माटुंग्याला १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी काढलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगासारख्या स्थळी दक्षिणेकडच्या एकट्या कारकुनाला केळीच्या पानावर जे मिळे, ते खाणावळवालीने गिरणीकामगाराला दिलेल्या जेवणाचेच स्वच्छ व सात्त्विक रूप होते. मे १९४३ मध्ये शिधावाटप आले आणि सरकारने प्रथमच प्रत्येक पोट एका मापाने मोजले. पण ते माप धान्याचे होते, शेजाराचे नव्हते.

आता या मांडणीची कसोटी पाहू. चुलीपासून तुटलेल्यांनीच जर मुंबईचे सार्वजनिक अन्न घडविले असेल, तर ज्यांची चूल येथेच होती त्यांचे अन्न बाजारात दिसता कामा नये. आणि ते खरोखरच दिसत नाही. मुंबईचे आद्य रहिवासी कोळी. त्यांच्या बायांनी साऱ्या शहराला ताजे म्हावरे पुरविले, वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळविले, परंतु कोळणीच्या हातचे आंबट परवापरवापर्यंत विकत मिळत नसे. ‘कोळीवाडा’ या नावाने उपाहारगृहांत जी बेसनात तळलेली कोळंबी मिळते तिचे श्रेय फाळणीनंतर शीवच्या कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांकडे जाते. म्हणजे नाव यजमानाचे आणि हात पाहुण्याचा! १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ज्यांनी ईस्ट इंडियन हे नाव धारण केले ते साष्टी-वसईचे ख्रिस्ती आजही मे महिन्यात वर्षाचा बाटली मसाला कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात. तो मसाला नात्यातून मिळतो, दुकानातून क्वचित. पाठारे प्रभूंचे भुजणे नि भानोले यांची गोष्ट तीच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र’ हा ग्रंथ १९१० मध्ये निघाला. त्यावरून त्या स्वयंपाकघराची श्रीमंती कळते, पण त्या श्रीमंतीला रस्त्यावर येण्याचे कारणच कधी पडले नाही.

याउलट वडापावाला घर नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे परंपरेने मानतात. तो कोणाच्या आईने केलेला नव्हता, कोणत्याही सणाला होत नव्हता, कोणत्याही देवाला त्याचा नैवेद्य दाखवीत नव्हते. दोन लोकलगाड्यांमधील अवधीत, एका हाताने, वृत्तपत्राच्या तुकड्यावर खाता येईल असे अन्न हवे होते, ते झाले. कढईच्या कडेला साठणारा चुरासुद्धा पावात भरून घेऊन जाणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. त्याला वड्याचे पैसे परवडत नसावेत किंवा त्याला चुराच आवडत असावा, आणि गाडीवाल्याने दोहोंपैकी काहीच विचारले नाही.

हा जो न विचारण्याचा गुण, तो या शहराने रस्त्यावर मिळविला आणि उंबरठ्यावर सोडून दिला. वडापाव खाऊन घरी परतलेला गृहस्थ आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत बसतो तेव्हा त्याला शेजारच्या सदनिकेतून येणारा मासळीचा वास असह्य होतो. भाड्याने घर शोधणाऱ्या जोडप्याला दलाल पहिल्याच भेटीत आडनाव विचारतो, आडनावावरून न कळल्यास खाण्याविषयी विचारतो, आणि मग जागा नुकतीच गेली असे सांगतो. हे कोणत्याही छापील नियमावलीत नसते, त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागावी कोठे हा प्रश्न उरतो. परमहंस सभेच्या वेळी निदान वाद तरी होता. एका बाजूला शास्त्र होते, दुसऱ्या बाजूला प्रतिज्ञा होती. भुकेने आणि घाईने जे बंधन सैल केले त्याविषयी पुढे कोणी वाद घातलाच नाही, आणि म्हणून भूक भागल्यावर व सवड मिळाल्यावर ते पुन्हा आवळता आले. दोष वडापावाचा नाही. त्याच्या माथी समतेचे जे कार्य आपण मारतो ते त्याने कधीच अंगावर घेतले नव्हते.

रात्री त्याच इमारतींच्या फाटकांपाशी दुचाकीवरून जेवण आणणारी पोरे उभी असतात. रखवालदार त्यांचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक वहीत लिहून घेतो, पुष्कळ ठिकाणी त्यांना सामानाच्या उद्वाहनाने वर धाडतो. पिशवीत काय आहे याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ती घर मागणाऱ्याची होते.