खोक्यावर न छापलेली तारीख

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना फोन पडून आहे. काच धड आहे, कॅमेरा चालतो, चार्ज केला की सुरूही होतो. पण एके दिवशी बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं, या अँड्रॉइडवर आता चालणार नाही. अपडेट शोधायला गेलो तर उत्तर आलं, 'तुमचा फोन अद्ययावत आहे'. कंपनीने शेवटचं अपडेट केव्हाच देऊन टाकलं होतं. फोन बिघडला नव्हता. त्याच्याकडे बघणं कंपनीने थांबवलं होतं, एवढंच.

नीतिशास्त्रात एक जुना प्रश्न आहे: मारणं आणि मरू देणं यांत फरक असतो का? बुडणाऱ्याला पाण्यात ढकलणारा जास्त दोषी, काठावरून बघणारा कमी, असं आपण सहसा मानतो. पण काठावरच्या माणसाने गावातली एकुलती एक दोरी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली असेल तर? मग 'मी कुठे ढकललं?' हे त्याचं उत्तर पुरत नाही. फोनचं तसंच आहे. सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीकडे, अस्सल सुटे भाग कंपनीकडे. दुरुस्तीवाल्याचा हात कितीही बसलेला असो, तो एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही.

'सस्टेनेबिलिटी'साठी आपण 'शाश्वतता' हा भारदस्त शब्द वापरतो. दुकानात मात्र आपली माणसं विचारतात, "माल टिकाऊ आहे ना?" कंपन्यांच्या अहवालांत शाश्वतता भरपूर असते: पुनर्वापर केलेलं अ‍ॅल्युमिनियम, कागदी खोकी, सौरऊर्जेवरचे कारखाने. यातलं बरंचसं खरंही आहे. पण फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला सुमारे 80 टक्के वाटा तो तयार होतानाच पडतो, हे अ‍ॅपलचेच अहवाल सांगतात. रोजच्या चार्जिंगचा वाटा त्यामानाने लहान. म्हणजे घेतलेला फोन आणखी दोन वर्षं वापरणं, हाच सर्वांत मोठा उपाय. रिसायकलिंग त्यानंतर येतं, आणि तेही तोकडं आहे: 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

मग कंपन्या फोन टिकवत का नाहीत? याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर मला एका पत्रात सापडलं. डिसेंबर 2017 मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करतं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ही गोष्ट लोकांना नीट सांगितलेली नव्हती. फोन मंदावला की माणूस म्हणतो, 'म्हातारा झाला, नवा घेऊ.' प्रत्यक्षात फक्त बॅटरी बदलायची होती. ओरड झाल्यावर कंपनीने 2018 साठी बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. जानेवारी 2019 मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं: उत्पन्न अंदाजापेक्षा कमी येणार. मुख्य कारण चीनमधली मंदी होती, पण कारणांच्या यादीत स्वस्तात बॅटरी बदलून घेणारे ग्राहकही होते.

लोकांनी आपले फोन टिकवले, आणि ती बातमी तोट्याच्या रकान्यात गेली. यात कुणी खलनायक नाही. पण ज्या धंद्यात वस्तू टिकणं हीच वाईट बातमी असते, तिथे शाश्वतता कागदी खोक्यापुरतीच राहणार.

वेगळं करता येतं का? अ‍ॅमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने 2015 मध्ये फेअरफोन 2 आणला. त्याची बॅटरी हाताने निघते, स्क्रीनही घरी बदलता येते. चिप बनवणाऱ्याने पाठिंबा थांबवल्यावरही कंपनीने धडपडून 2023 पर्यंत अपडेट दिली. पण याच कंपनीने 2021 मध्ये फेअरफोन 4 मधून हेडफोनचं भोक काढलं आणि सोबत स्वतःचे वायरलेस इअरबड विकायला आणले. मोह त्यांनाही सुटला नाही. म्हणून एकट्या कंपनीच्या सद्बुद्धीवर विसंबू नये. युरोपीय संघाने जून 2025 पासून नियमच केला: मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग.

कुणी म्हणेल, दरवर्षी नवा फोन आपल्यालाच हवा असतो. काहींना हवा असतोही. पण हप्त्यावर दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्या मुलीला तो हौसेने बदलायचा नसतो. घरात जुना फोन धाकट्या भावाकडे, मग आजीकडे जातो. टिकवण्याची इच्छा तिथे आहेच. दोरी तेवढी कपाटात आहे.

बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावरही ते कधीपर्यंत खावं हे छापलेलं असतं. फोनच्या खोक्यावर मात्र अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे मला छापलेलं दिसलेलं नाही. ती ठळक छापावी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. तारीख छापली की ती लोकांच्या नजरेत येते, शेजारच्या खोक्याशी तुलना होते, आणि मग ती पुढे ढकलण्यातच कंपनीचा फायदा होऊ शकतो. पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी दुकानदाराला तेवढी तारीख विचारा. त्याला ती ठाऊक नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.